वशिंड

बर्फाच्या फॅक्टरीतल्या हिशेबाच्या वहीत
मागच्या पानावर मी डोंगराची यादी करते.
तंबू एक, तिघांचा, नुसरतच्या मामेभावाचा.
त्याची एक काठी मोडलीय, तिथे प्लंबरचा पाइप चालेल का
हे कुणालाच नक्की माहीत नाही.
स्टोव्ह केसरीनाथच्या होडीवरचा,
घासला तरी बांगड्याचा वास जात नाही.
"वासानं बिबट्या येईल," नुसरत म्हणते.
"येऊ दे. सकाळचा चहा त्याच्याकडून."

पौर्णिमा धरली आहे,
कारण चांदण्यात मासळीला जाळं दिसतं
आणि केसरीनाथचे तीन दिवस सुटतात.
नुसरतची शाळा दुसऱ्या शनिवारी बंद.
मला रजा मागावी लागेल. मालक विचारतील, कशाला?
डोंगर चढायला, असं उत्तर
हर्णै बंदरावर अजून कुणी दिलेलं नाही.

रात्री ओटीवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर शिशाच्या गोळ्या ठेवल्या, जाळ्यातल्या.
बाबा सुई-दोरा घेऊन बाजूला बसलेले,
गुडघा गेल्यापासून दुसऱ्यांची जाळी विणतात.
बराच वेळ काही बोलले नाहीत, मग
"यात वशिंड कुठाय?"

मी बोट फिरवलं. माथे होते, उंच्या होत्या,
एका गडाचं नाव, दोन खिंडी,
पाण्याच्या टाक्यासाठी निळा ठिपका.
वशिंड नव्हतं.
"मग कुठे चाललात तुम्ही?"

तीस वर्षं ते त्या डोंगराच्या भरवशावर मासेमारीला गेले.
दीपगृहाच्या डोक्यावर वशिंड बसलं
की इंजिन बंद, खाली अकरा वावावर खडक,
खडकात घोळ.
एकदाही त्याच्या पायथ्याला गेले नाहीत.
खेडच्या पुढे एस.टी.नं गेले ते एका लग्नाला,
तेव्हा खिडकीतून शोधत होते म्हणे,
पण जवळ गेल्यावर सगळे डोंगर सारखेच दिसायला लागले.
"जमिनीवरनं ओळखू येत नाय तो," म्हणाले,
आणि गाठ मारून दात लावून दोरा तोडला.

म्हणून आमची पूर्वेकडची सहल
पश्चिमेला निघाली.
पहाटे साडेचारला, बाबांना दोघांनी काखेत धरून
होडीत उतरवलं. चार वर्षांनी.
नुसरतला ओकारी आली, तिनं ती शांतपणे उरकली
आणि नकाशा मात्र कोरडा ठेवला.
केसरीनाथनं इंजिन बंद केल्यावर
पाणी फळीवर चापट्या मारत राहिलं.

सूर्य यायच्या आधी पंधरा मिनिटं
सह्याद्री दिसतो, बाबा म्हणाले होते,
नंतर उजेड त्याला खाऊन टाकतो.
आधी काहीच नाही, राखाडीवर राखाडी.
मग काजळाचं बोट ओढावं तशी एक ओळ,
ओळीत खाच, खाचेनंतर
बसलेल्या बैलासारखं काहीतरी.

"मधला?" मी विचारलं.
"मधला नव्हे. डावा."
डावा म्हणजे उत्तर, नकाशात वरचा,
ज्याच्यावर आमची वाट जातच नव्हती.
नुसरतनं पेन्सिलनं गोल केला,
होडी हलल्यामुळे गोलाला शेपटी फुटली.

"वर गेलात की बघा,
खडकाची जागा दिसते काय ती."
पाण्याखालचा खडक डोंगरावरून कसा दिसणार,
हे कुणी बोललं नाही.
केसरीनाथ इंजिनाची दोरी ओढत होता, लागत नव्हतं.
बाबांनी त्याला बाजूला सारलं, एका ओढीत लावलं
आणि बंदर येईस्तोवर कुणाकडे बघितलं नाही.

यादी नव्याने करते आहे.
खेडहून पहाटेची गाडी नाही, आदल्या रात्री जावं लागेल.
वाट विचारायची, पण नाव कुठलं घेऊन?
दोर वाढवला. बिस्किटं कमी केली.
नव्या वाटेवर टाकं आहे की नाही कळत नाही,
म्हणून पाणी बारा लिटर.
केसरीनाथ म्हणतो सहा तो उचलेल.
वहीत लिहून ठेवलंय, बर्फाच्या उधारीच्या खाली.